मंगळवेढ्याच्या गल्ल्यांत कॅमेरा

नवख्या गावात फोटो काढायला उतरलेल्याने आधी चहा प्यावा, कॅमेरा पिशवीतच ठेवावा. पंढरपूरपासून साधारण 25 किलोमीटरवरच्या मंगळवेढ्यात तर नक्कीच.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याची चकाकी काळ्या पट्टीने झाकायचा. लोक बुजू नयेत म्हणून. आपल्याकडे छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी वारी आणि तमाशा टिपला तो माणसांमध्ये मिसळून. रस्त्यावरच्या छायाचित्रणात लेन्सपेक्षा ही सलगी मोलाची.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणून थंडीत यावं, हुरड्याच्या दिवसांत. कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा कणसं, पोती, भाकरी थापणारे हात, सगळ्याला उठाव येतो. दुपारच्या उन्हात चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडतात. तेव्हा संत दामाजीपंतांच्या देवळात टेकावं.

आणि संत चोखोबा. गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून ते इथेच गेले, असं परंपरा सांगते. आजही भिंत रचणारा गवंडी, ओझं वाहणारी बाई दिसली की कॅमेरा आपसूक वर जातो. कष्टाचं चित्र देखणं असतं, पण तो चेहरा कुणाचा तरी आहे. ‘मावशी, काढू का?’ एवढं विचारावं, नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली घ्यावा. हो म्हणाल्या तर काढलेला फोटो आधी त्यांनाच दाखवावा.