आधी लोकांचं नाव, मग खंडाचं

बेनिनचे पितळी फलक पाहून अनेकजण 'आफ्रिकन आदिवासी कला' म्हणून मोकळे होतात. पण आजच्या नायजेरियातल्या एडो कारागिरांनी ते घडवले ओबाच्या, म्हणजे राजाच्या, महालासाठी; १८९७ साली ब्रिटिश फौजेने ते लुटून नेले. 'आदिवासी' म्हटलं की दरबारच पुसला जातो, आणि रूढ झालेल्या 'ब्राँझ'मुळे पितळ. म्हणून एडो, योरुबा, अकान अशी लोकांची नावं मराठीत रुजायलाच हवीत.

आपल्याकडे 'हबशी' आहेच की, असं कुणी म्हणेल. अबिसीनियाच्या अरबी नावावरून आलेला हा शब्द इथिओपियात जन्मलेल्या आणि १६१० साली खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरला चपखल बसतो. अख्ख्या खंडाला नाही. उदाहरणार्थ, गुजरातेतल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचा 'गोमा' नाच बांटू भाषांतल्या 'न्गोमा'शी नातं सांगतो, आणि त्या एकाच शब्दात ढोल, नाच नि तो सोहळा सगळं येतं. इतकी नावं सामान्य वाचकाला जड जातील, हा आक्षेप मला पटत नाही. संबळ, दिमडी, घुमट या वाद्यांतला फरक जागरण-गोंधळात आणि आरतीत बसणाऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही.