चढावर दम टाकणारी गाडी
जुनी गाडी आपल्या हाती : भाग ६

मागच्या आठवड्यात बॅटरी, सेल्फ आणि अर्थिंग पाहिले. आता त्यापुढची तक्रार घेऊ. सेल्फ जोरात फिरतो, पेट्रोल आहे, तरी इंजिन पेटत नाही. किंवा पेटते, सपाटीवर बरे चालते आणि ऐन चढावर हिसके मारू लागते.

आपल्या जिल्ह्यात ही तक्रार ओळखायला राजूर घाटासारखी जागा नाही. मलकापूरहून मोताळ्यापर्यंत गुमान आलेली मारुती ८०० किंवा पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर घाट लागला की दम टाकते. मालक म्हणतो पेट्रोलमध्ये भेसळ आहे, मेकॅनिक कार्बोरेटर खोलतो. जेट साफ होतात, पैसे जातात आणि पुढच्या चढावर गाडी पुन्हा तीच. घाटात होते काय, तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल जास्त भरते, दाब वाढतो. दाब जितका जास्त, तितके प्लगच्या फटीतून ठिणगीला उडी मारणे अवघड, त्यासाठी जास्त व्होल्ट लागतात. इग्निशनमध्ये कुठे गळती असेल, तर सपाटीवर ती लपून राहते आणि चढावर उघडी पडते. म्हणून चढावरच्या तक्रारीत कार्बोरेटरला हात लावण्याआधी डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडावी.

डिस्ट्रिब्युटरची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जी जोडणी बसवली, तीच पुढे जगभरच्या गाड्यांत राहिली. आपल्याकडे उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी याच पद्धतीवर चालल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली प्रीमियर कंपनी फियाटची गाडी इथे बनवत होती. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मुदतीनंतर, ऑक्टोबर २०२३ अखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्येही डिस्ट्रिब्युटर होता. २००० च्या सुमारास इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि तो हळूहळू नव्या गाड्यांतून गेला. एमएच २८ नंबरच्या ज्या जुन्या पेट्रोल गाड्या आज घरोघरी जपून ठेवलेल्या आहेत, त्यांच्यात मात्र तो आहे. डिझेल इंजिन बसवलेल्या अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनी हा भाग वाचला नाही तरी चालेल, डिझेलला ठिणगीच लागत नाही.

काम समजून घेऊ. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट कॅमशाफ्टवरून फिरतो, म्हणजे इंजिनच्या निम्म्या वेगाने. शाफ्टवरचा कॅम पॉइंट उघडतो आणि मिटतो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून बारा व्होल्टचा प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडले की ते क्षेत्र क्षणात कोसळते आणि कॉइलच्या बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उठतात. ते मधल्या हायटेन्शन वायरने कॅपमध्ये येतात. तिथे रोटर ते ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्याकडे पोचवतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, सेकंदाला शंभर. मारुती ८०० ला तीन सिलिंडर, तिला सेकंदाला पंचाहत्तर. इतक्या वेळा ठिणगी पाडायची आणि तीही नेमक्या क्षणी, म्हणून शाफ्ट सरळ फिरणे याला इतके महत्त्व आहे.

या लेखात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. डिस्ट्रिब्युटर खराब झाला असे म्हणण्याआधी शाफ्ट पाहा. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप हे झिजण्यासाठीच असतात, स्वस्त असतात आणि बदलता येतात. शाफ्टचा बुश झिजला असेल तरच पूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलायचा विचार करावा. आपल्याकडे उलटे घडते. शंभर-दोनशे रुपयांच्या कंडेन्सरपायी चांगला जुना लुकासचा डिस्ट्रिब्युटर भंगारात जातो आणि त्याच्या जागी पोलाद आणि पितळ दोन्ही हलके असलेला नवा बसतो. हे पाहून मला मनापासून वाईट वाटते.

आता तपासणी. आधी दोष पेट्रोलचा की करंटचा हे ठरवावे. पेट्रोल कमी पडले की गाडी हळूहळू मरते, दोन-चार हिसके देते, चोक ओढला तर थोडी सावरते. करंट तुटला की दिव्याचे बटण बंद केल्यासारखी एकदम थांबते. हा फरक चालवणाऱ्याला सगळ्यात आधी कळतो, म्हणून मेकॅनिकला तो सांगावा.

मग कॅपची मधली वायर काढून तिचे टोक ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर, रबरी मुठीच्या पकडीने धरावे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. निळी, जाड, टचटच आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक, कधी येणारी कधी न येणारी असेल तर दोष कॉइल, पॉइंट किंवा कंडेन्सरकडे आहे. ही चाचणी फक्त पॉइंटवाल्या गाडीसाठी. आत इलेक्ट्रॉनिक पिकअप असेल तर वायर उघडी सोडू नये, त्याचे मॉड्युल जळू शकते. तिथे ठिणगी तपासायचा टेस्टर वापरावा. आणि आजूबाजूला पेट्रोलचा वास असेल तर कोणतीच ठिणगी पाडू नये.

मधल्या वायरला चांगली ठिणगी आहे आणि प्लगला नाही, तर गळती कॅपमध्ये किंवा रोटरमध्ये आहे. कॅप आतून पुसून उजेडात धरली की पितळी टोकांच्या मधे केसासारखी काळी रेघ दिसते. करंट त्या रेघेवरून भलत्याच सिलिंडरकडे किंवा बॉडीकडे पळतो. अशी कॅप खरवडून काही दिवस चालवणारे आहेत, पण रेघ परत येते. रोटर तपासायची युक्ती फार कमी जणांना ठाऊक आहे. कॅप बाजूला ठेवून रोटर जागेवरच असू द्यावा, मधल्या वायरचे टोक रोटरच्या पितळी पट्टीच्या वर जरासे अंतर ठेवून धरावे आणि सेल्फ मारावा. चांगल्या रोटरवर ठिणगी उडत नाही, उडाली तरी सुरुवातीची एखादी हलकी. धडाधड उडू लागली तर रोटरच्या प्लास्टिकमधून करंट खाली शाफ्टला उतरतोय. डोळ्यांना तो रोटर अगदी नवा दिसत असतो.

मधल्या वायरलाच ठिणगी नसेल तर बारा व्होल्टचा छोटा दिवा घ्यावा. एक टोक कॉइलच्या ज्या टर्मिनलवरून वायर डिस्ट्रिब्युटरला जाते तिथे, दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला. सेल्फ मारताना दिवा उघडझाप करत असेल तर पॉइंट आपले काम करत आहेत, दोष कॉइलच्या बारीक तारेत किंवा कंडेन्सरमध्ये शोधावा. दिवा जळतच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यावर तेल-काजळी आहे किंवा आतल्या प्लेटची अर्थिंगची पातळ विणलेली वायर तुटली आहे. ही वायर व्हॅक्युमच्या हालचालीबरोबर हलते आणि वर्षानुवर्षांनी बाहेरून दिसू न देता तुटते. दिवा लागलाच नाही तर इग्निशनच्या चावीकडून करंट येत नाही, किंवा पॉइंटची वायर कुठे तरी बॉडीला लागली आहे.

ऋतूही बरेच सांगतो. मे महिन्यात नांदुरा, मलकापूर, खामगावच्या पट्ट्यात दुपारी थांबून गरम इंजिन पुन्हा चालू करताना गाडी पेटली नाही आणि अर्ध्या तासाने आपोआप पेटली, तर कंडेन्सर, कॉइल किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्युल तापून बसते आहे. अशा वेळी ठिणगीची चाचणी गाडी गरम असतानाच करायची, थंड झाल्यावर सगळे ठीक दिसते. पावसाळ्यात बोथ्याच्या घाटातल्या धुक्यात सकाळी मिसिंग होते आणि इंजिन तापल्यावर थांबते, तेव्हा ओल कॅपवर आहे. काळ्या मातीची बारीक धूळ वायरींच्या रबरावर बसते आणि पहिल्या पावसात तीच करंटची वाट होते. उन्हाळ्याच्या शेवटी कॅप आणि वायरी कोरड्या फडक्याने पुसण्याचे काम दहा मिनिटांचे आहे.

पॉइंट उघडून पाहावे. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असेल तर कंडेन्सर त्या कॉइलला जुळणारा नाही. निळसर-काळे जळलेले असतील तर तेल चढले आहे किंवा कंडेन्सर गेला आहे. कॅमच्या उंच टोकावर पॉइंट पूर्ण उघडल्यावर फिलर गेजने गॅप मोजतात. अ‍ॅम्बेसेडरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरला तो ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवा, इतर गाड्यांचा त्यांच्या पुस्तकात पाहावा. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडते. गाडी सुस्त झाली, अ‍ॅव्हरेज घटला, इंजिन तापते आहे, आणि पॉइंट बरेच महिने कोणी पाहिले नाहीत, तर कारण बहुधा हेच.

आणि आता शाफ्ट. रोटर बोटांत धरून फिरवा, तो थोडा एका बाजूला फिरून स्प्रिंगने परत येईल. ते बरोबर आहे, आतली वजने वेगानुसार ठिणगी पुढे नेतात, ही त्यांचीच हालचाल. पण रोटर आडवा ढकलून पाहिल्यावर शाफ्ट हलला आणि त्याबरोबर पॉइंटचा गॅप कमी-जास्त झाला, तर बुश झिजला. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये कितीही नवे पॉइंट घाला, प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या क्षणी ठिणगी मिळते. टायमिंग लाइट लावली तर पुलीवरची खूण एका जागी थांबत नाही, थरथरते. चांगला लेथवाला नवा बुश घालून देऊ शकतो आणि खरा जुना डिस्ट्रिब्युटर असेल तर मी आधी तोच मार्ग सुचवीन. शाफ्टच झिजला असेल तर मात्र बदलावा.

नवा आणताना जुन्याच्या बॉडीवर कोरलेला नंबर जुळवा. बाहेरून सारखे दिसणारे दोन डिस्ट्रिब्युटर आत वेगळ्या स्प्रिंगचे असतात, त्यांची ठिणगी वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकते.

बदलण्याचे काम शांतपणे करावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, पुलीला पाना लावून इंजिन हळू फिरवा. अंगठ्याला दाब जाणवला की तो दाबाचा फेरा. त्यातच पुलीची खूण टायमिंगच्या खुणेवर आणा. कॅप काढून रोटरचे तोंड कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, बॉडी आणि ब्लॉक यांवर एक सरळ रेघ रंगाने मारा, वायरींना क्रमांक लावा. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीचा क्रम १-३-४-२, मारुती ८०० चा १-३-२. यानंतर डिस्ट्रिब्युटर बाहेर असेपर्यंत इंजिन फिरवायचे नाही, कोणी गाडी ढकलायचीही नाही.

अ‍ॅम्बेसेडरमध्ये शाफ्टच्या तळाचा दात मध्यापासून जरा बाजूला आहे, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो आणि चुकायला जागा उरत नाही. मारुती ८०० मध्ये तो तिरक्या दातांच्या गिअरवर चालतो, म्हणून वर ओढताना रोटर थोडा फिरतो. किती फिरला ते पाहून ठेवा आणि नवा बसवताना तेवढा मागे धरून आत सोडा, बसताना तो आपल्या खुणेवर येईल. खालची रबरी रिंग नवीच घाला.

बसवल्यावर आधी गॅप, मग टायमिंग. हा क्रम उलटा केला तर टायमिंग पुन्हा करावे लागते, कारण गॅप बदलला की ठिणगीचा क्षण बदलतो. बॅटरी जोडा, इग्निशन चालू करा, तोच छोटा दिवा पुन्हा कॉइलला लावा. बॉडी रोटरच्या फिरण्याच्या दिशेने इतकी फिरवा की दिवा विझेल, मग उलट दिशेने सावकाश आणा. दिवा लागला तो क्षण ठिणगीचा, तिथेच बोल्ट कसा. कार्बोरेटरमधून भडका आला आणि इंजिन पेटले नाही, तर बहुधा तुम्ही दाबाचा फेरा सोडून दुसरा फेरा धरला आहे.

इलेक्ट्रॉनिक किट बसवण्याच्या मी बाजूने आहे, पॉइंटची झीज त्याने संपते. पण झिजलेल्या बुशवर ते औषध नाही आणि रस्त्यात ते गेले तर आपल्याकडच्या गावात मिळणार नाही. जुने चालणारे पॉइंट आणि कंडेन्सर फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवावेत. नवा कंडेन्सर आणला तरी चालता जुना फेकू नये, आज बाजारात मिळणारे बरेच नवे महिनाभरही टिकत नाहीत.

मग गाडी घाटात न्यावी. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनातून खडखड आवाज आला तर ठिणगी फार लवकर पडते आहे, बॉडी रोटरच्या दिशेने किंचित फिरवा. आवाज नाही पण ओढ नाही, तर उलट दिशेने किंचित. एका वेळी अगदी थोडे फिरवून पुन्हा त्याच चढावर पाहावे. पाचशे किलोमीटरनंतर पॉइंटची टाच बसलेली असते, तेव्हा गॅप पुन्हा मोजा आणि कॅमवर ग्रीसचे बोट लावा, फार नाही.