नवऱ्याच्या व्हिसावर गेलात, तरी नोकरी करता येते

महाड-पोलादपूरकडची कितीतरी घरे आखातातल्या पगारावर उभी आहेत. आता शिकलेल्या सुनाही तिकडे जातात, पण त्यांची पदवी इथल्या कपाटातच राहून जाते. ती सोबत न्याच.

संयुक्त अरब अमिरातीत पतीच्या व्हिसावर राहणाऱ्या स्त्रीला नोकरी करता येते. व्हिसा पतीकडेच राहतो, कामाचा परवाना कंपनी काढते. परवाना हाती येईपर्यंत कामाला हात लावू नका. समान कामाला समान पगाराची तरतूद तिथे 2020पासून लागू आहे. अमेरिकेत नवऱ्यामुळे मिळणाऱ्या एच-4 व्हिसावर 2015पासून कामाची मुभा आहे, पण जोडीदाराच्या ग्रीनकार्डाची प्रक्रिया पुढे सरकलेली असली तरच.

घोडे अडते ते नावापाशी. गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव, पासपोर्टवर नवऱ्याचे. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलणे सक्तीचे नाही, हे सासर-माहेर दोघांनीही लक्षात घ्यावे. बदललेच असेल, तर विवाहनोंदणीचा दाखला हवा. तो गावात ग्रामपंचायतीत, शहरात महाड नगरपरिषद किंवा पोलादपूर नगरपंचायतीत मिळतो. पदवीचे साक्षांकन निघण्याआधीच उरका. ओमान, बहरीनला परराष्ट्र खात्याचे अपोस्टिल चालते. कुवेतसाठी दूतावासाचा शिक्का लागतो.

दहावी झाली नसेल, तर आखातात नोकरीसाठी जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो. नर्सना तो शिक्षण कितीही असले तरी लागतो. त्यासोबतचा प्रवासी भारतीय विमा दोन वर्षांना 275 रुपये अधिक कर, अपघाती संरक्षण 10 लाखांचे. बाळंतपणाचा खर्चही त्यात मिळतो, तो जरूर मागा.