प्राचीन डीएनए आणि दख्खनचा प्रागितिहास

प्राचीन डीएनए म्हणजे मृत्यूनंतर हाडे, दात, केस अशा अवशेषांत टिकून राहिलेला आनुवंशिक द्रव्याचा अंश होय. लेखनपूर्व काळातील लोकसमूह कोठून आले व कोणाशी मिसळले, याचा शोध घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः ताम्रपाषाणयुगीन वसाहतींतील दफनांशी व पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधनाशी निगडित आहे.

पद्धती

१९८४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲलन विल्सन यांच्या गटाने क्वागा या नामशेष प्राण्याच्या संग्रहालयात जपलेल्या कातडीतून डीएनए मिळवला. स्वांते पेबो यांच्या गटाने २०१० मध्ये निअँडरथल मानवाच्या जनुकसंचाचा प्राथमिक आराखडा प्रसिद्ध केला. या क्षेत्रातील कार्यासाठी पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जिवंत पेशी आपल्या डीएनएची सतत दुरुस्ती करते. मृत्यूनंतर ही दुरुस्ती थांबते व डीएनएचे लहान लहान तुकडे होतात. तुकड्यांच्या टोकांशी सायटोसिन या घटकाचे युरेसिलमध्ये रूपांतर होते व वाचनात तेथे थायमिन दिसते. ही झीज नमुन्याच्या प्राचीनतेची खूणही ठरते, कारण उत्खनन करणाऱ्याच्या किंवा प्रयोगशाळेतील व्यक्तीच्या ताज्या डीएनएमध्ये ती आढळत नाही. कवटीतील अंतर्कर्णाभोवतीचे हाड अतिशय घट्ट असल्यामुळे त्यात डीएनए टिकण्याची शक्यता अधिक असते.

प्रत्येक व्यक्तीच्या जनुकसंचात तिच्या असंख्य पूर्वजांचे अंश असतात. त्यामुळे एका सांगाड्यावरूनही तो ज्या लोकसमूहातील आहे त्याच्या पूर्वेतिहासाचे अनुमान करता येते.

इनामगावची दफने

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी हे त्यातील प्रमुख संशोधक होते. ही वसाहत सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील असून तिचे माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे तीन टप्पे मानले जातात. येथे २०० हून अधिक दफने सापडली. लहान मुलांना तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत घालून घराच्या जमिनीखाली पुरले जाई. प्रौढांना सामान्यतः उत्तरेकडे डोके करून खड्ड्यात निजवीत व त्यांची पावले तोडीत. मृताने परत येऊ नये, अशी यामागील भावना असावी, असा तर्क केला जातो.

उत्तर जोर्वे काळात प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. ढवळीकर यांनी या अवनतीचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. मात्र घरे बदलली म्हणजे माणसेही बदलली असे नव्हे. तेच लोक गरीब झाले की नवे लोक आले, हे खापरांवरून वा घरांच्या पायांवरून निर्णायकपणे सांगणे कठीण असते. दोन्ही टप्प्यांतील सांगाड्यांतून पुरेसा डीएनए मिळाल्यासच अशा प्रश्नाची थेट तपासणी शक्य होते.

उष्ण हवामानाची अडचण

उष्णता व ओलावा यांमुळे डीएनए झपाट्याने नष्ट होतो, त्यामुळे भारतीय द्वीपकल्पातील नमुने हाताळणे अवघड असते. हरियाणातील राखीगढी येथील हडप्पाकालीन दफनभूमीच्या अभ्यासात ही अडचण स्पष्ट झाली. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे, नीरज राय, डेव्हिड राईश व सहकाऱ्यांचे हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ६१ नमुन्यांपैकी केवळ एका स्त्रीच्या सांगाड्यातून उपयुक्त माहिती मिळाली. तिच्या पूर्वजांत प्राचीन इराणी लोकसमूहांशी दूरचे नाते असलेला व दक्षिण आशियाई शिकारी-संकलकांचा असे दोन घटक आढळले. युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा घटक आढळला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, ५२३ प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासानुसार हा तिसरा घटक साधारण इ.स.पू. २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियात आला.

आजच्या लोकांचा पुरावा

हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज व हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१३ मध्ये सध्याच्या भारतीय समूहांच्या डीएनएवरून असे अनुमान मांडले, की भिन्न पूर्वजसमूहांचे मोठे मिश्रण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी झाले व नंतर समूहांतर्गत विवाहाची प्रथा दृढ झाली. इनामगावची वसाहत याच कालखंडात मोडते. म्हणजे आजच्या लोकांवरून ज्या मिश्रणाचे केवळ अनुमान करता येते, त्या काळातील माणसांची हाडे दख्खनमध्ये प्रत्यक्ष उपलब्ध झाली आहेत.

मर्यादा

डीएनएवरून जैविक नाते कळते. भाषा, धर्म किंवा जात कळत नाही. भाषेविषयीचे निष्कर्ष पुरातत्त्व व भाषाशास्त्र यांच्या पुराव्याशी जुळवूनच काढावे लागतात. एका व्यक्तीवरून संपूर्ण संस्कृतीविषयी विधान करताना सावधगिरी आवश्यक असते. शिवाय तपासणीसाठी हाडाचा काही भाग भुकटी करून वापरावा लागतो व तो पुन्हा मिळत नाही. मोजक्या सांगाड्यांच्या बाबतीत म्हणूनच आज किती वापरायचे व पुढील काळातील अधिक सूक्ष्म पद्धतींसाठी किती राखून ठेवायचे, हा निर्णय संशोधनाइतकाच महत्त्वाचा ठरतो.