'चिंक्वे तेरे'ची रंगीत गावं कड्यावर टिकली कशी? उत्तर दगडी बांधांत

कड्याला बिलगलेली गुलाबी-पिवळी घरं, खाली निळा समुद्र आणि नांगरलेल्या होड्या. इटलीतल्या चिंक्वे तेरेचा हा फोटो तुम्ही कधी ना कधी स्क्रोल करताना पाहिला असेल. त्याच फोटोत घरांच्या वर, डोंगरावर आडव्या रेषा दिसतात. गावांची सुरक्षितता त्या रेषांवर अवलंबून आहे.

चिंक्वे तेरे कुठे आहे?
इटलीच्या वायव्येला, लिगुरियाच्या किनाऱ्यावर. मोंतेरोस्सो, व्हर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही ती पाच गावं. १९९७ मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, तर १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला.

या रेषा कसल्या?
शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या उतार खोदून पायऱ्यांसारखी शेतं केली. तिथे द्राक्षं, ऑलिव्ह, लिंबं पिकतात. माती अडवणारे बांध सिमेंट किंवा चुना न वापरता, कोकणातल्या गडग्यांसारखे दगडावर दगड रचून केलेले आहेत. फटींतून पाणी झिरपून जातं, त्यामुळे मागच्या मातीचा दाब वाढत नाही.

मग धोका काय?
बांधांची सतत डागडुजी लागते. विसाव्या शतकात अनेकांनी शेती सोडून शहरातली नोकरी धरली आणि बरीच शेतं पडीक पडली. बांध ढासळला की माती मोकळी होते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांच्या अतिवृष्टीत व्हर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखल-दगडांखाली गेली. एकट्या व्हर्नात्सात तिघांचा मृत्यू झाला. पडीक शेतांमधून मोठ्या प्रमाणावर दरडी कोसळल्याचं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

जाणार असाल तर...
- गाडीपेक्षा ट्रेन सोयीची. ला स्पेझिया ते लेवांतो मार्गावर पाचही गावांची स्टेशनं आहेत.
- कोर्निलिया उंचावर आहे. स्टेशनवरून चालत जायचं तर जवळपास ३८० पायऱ्या चढाव्या लागतात.
- रिओमाज्जोरे-मानारोला जोडणारी 'व्हिया देल्लामोरे' ही पायवाट २०१२ मध्ये दरड कोसळल्याने बंद झाली. ती पर्यटकांसाठी पूर्ण खुली व्हायला २०२४ उजाडलं. आता वेळ आधी बुक करावी लागते.
- डोंगरवाटांवर चपला नकोत, चांगली पकड असलेले बूट हवेत.
- फोटोसाठी बांधावर चढू नका. एक दगड निसटला तरी बांध कमकुवत होतो.

खरेदी करायचीच असेल, तर इथल्याच द्राक्षांची वाइन घ्या. शेती परवडली, तरच बांध रचणारे हात गावात राहतील.