तबकडीचा वेग आणि सुराची सचोटी

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाचे पोते काट्यावर चढते, तेव्हा त्या काट्याकडून आपली दोन गोष्टींची अपेक्षा असते. त्याने खरे वजन सांगावे ही पहिली. आणि तेच पोते दहा वेळा ठेवले तरी दहाही वेळा एकच वजन सांगावे, ही दुसरी. क्विंटलमागे नेमका एक किलो जास्त दाखवणारा काटा खोटा खराच. परंतु खोट एकदा कळली की वजावट करता येते. दर खेपेस निराळे बोलणाऱ्या काट्याला मात्र इलाज नाही. ग्रामोफोनच्या फिरत्या थाळीची परीक्षाही याच दोन प्रश्नांची आहे. वेग बरोबर आहे काय? आणि तो स्थिर आहे काय?

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ८२.६ फेऱ्यांनी फिरवली, तर काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो आणि तीन मिनिटांची चीज दहा सेकंद आधी संपते. सर्व स्वर एकाच पटीने चढत असल्यामुळे त्यांची आपसांतील अंतरे मोडत नाहीत. गाणे बेसूर होत नाही, आणि म्हणूनच ही चूक चांगल्या कानालाही चकवते.

थोड्या चुकीने काय बिघडते, असे कोणी विचारील. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याच्या साहाय्याने श्रुतींची मोजदाद केली आणि आपला ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला. श्रुतींच्या गणितात सर्वांत लहान अंतर ८१ : ८० असे मानतात, म्हणजे शेकडा सव्वा. आता ७८ ऐवजी ७९ फेऱ्या झाल्या तर फरक पडतो शेकडा १.२८. तात्पर्य, मिनिटाला एक फेरी चुकली की षड्ज जवळजवळ एक लहान श्रुती सरकला.

वेग मोजण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवावा आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजाव्यात. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे घेते. १०१ भरले तर चूक शेकडा एक.

याहून सूक्ष्म साधन म्हणजे रेघांची चकती. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून निऑनचा लहान दिवा सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६,००० वेळा लुकलुकतो. चकतीवर ७७ रेघा असतील, तर ७७.९२ फेऱ्यांच्या वेगाला प्रत्येक लुकलुकीत एक रेघ दुसरीच्या जागी येते आणि रेघा स्थिर उभ्या दिसतात. ३३⅓ साठी १८० रेघा लागतात. रेघा फिरण्याच्या दिशेने सरकल्या तर वेग जास्त, उलट सरकल्या तर कमी. हल्लीचे पुष्कळसे एलईडी दिवे असे लुकलुकत नाहीत. त्यांच्या उजेडात ही परीक्षा होत नाही. आणखी एक मेख आहे. काही मोटारी विजेच्या आवर्तनांशीच बांधलेल्या असतात. आवर्तने घटली तर मोटार आणि दिवा दोन्ही एकदमच मंदावतात, आणि रेघा स्थिरच दिसतात. तेथे घड्याळाचीच साक्ष घ्यावी.

परीक्षा नेहमी सुई तबकडीवर टेकवून करावी, कारण सुईच्या घर्षणाने वेग उतरतो. चावीच्या यंत्राची परीक्षा तबकडीच्या आरंभी व अखेरीस, अशी दोनदा करावी.

आता स्थैर्य. तीन मिनिटांत १०० फेरे पुरे भरले, तरी प्रत्येक फेऱ्यात थाळी थोडी धावून थोडी रेंगाळत असेल. सरासरी खरी, सूर खोटा! तंबोऱ्याचा षड्ज किंवा सनईचा लांब स्वर ऐकावा, म्हणजे हा हेलकावा उघड होतो. अशा परीक्षेसाठी ३,१५० कंपनांचा एकच स्वर भरलेल्या तबकड्याही मिळतात. ३३⅓ च्या तबकडीत दर १.८ सेकंदांनी हेलकावा येत असेल, तर तबकडी बदलून पाहावी. दुसरीत तो नसेल तर दोष पहिलीच्या भोकाचा. भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर जरी ढळले, तरी मध्यापासून १० सेंटिमीटरवरच्या खाचेत स्वर शेकडा अर्धा वरखाली होतो. दोष सर्वच तबकड्यांत दिसला, तर पट्टा, थाळी अथवा मोटार तपासावी.

एवढे करूनही एक शंका उरते. १९०२ साली गायसबर्ग यांनी कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले, त्या काळी ७८ हा आकडा सर्वत्र ठरलेला नव्हता. थाळी निर्दोष असूनही जुनी तबकडी खोटा सूर सांगू शकते. साथीची पेटी दोन पट्ट्यांच्या अधेमधे वाजत असेल, तर संशयाला जागा आहे असे समजावे.

आज घरोघरच्या तबकड्या संगणकावर उतरवल्या जात आहेत. मूळ तबकडी उद्या फुटेल. उतरवलेला सूर मात्र राहील, आणि पुढचा विद्यार्थी त्याच्याशीच तंबोरा जुळवील. म्हणून आमची विनंती एवढीच की, सुई टेकवण्यापूर्वी वेग मोजावा, आणि मोजलेला आकडा त्या गाण्यासोबत लिहून ठेवावा. खोट किती ते ठाऊक असले, तर पुढच्यांना वजावट करता येईल.