उत्तनची बोट आणि घरचा कयाक

मासेमारीबंदीच्या काळात (१ जून ते ३१ जुलै) उत्तनच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या लाकडी बोटींच्या डागडुजीला सवड मिळते. फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वरून लुकण भरलं की पाणी आत झिरपत नाही.

घरी बांधायच्या कयाकच्या डेकला मात्र अशा फटीच नसतात. ४ मिमी मरीन प्लायवूड पुरतं, पण ‘आयएस ७१०’चा शिक्का पाहूनच घ्यावं. मधे किंचित उंचवटा दिला की पाणी ओघळून जातं आणि पातळ प्लायही ताठ राहतं. आतल्या बाजूला इपॉक्सीचा हात डेक बसवण्याआधीच मारावा. नंतर टोकांपर्यंत हात पोचत नाही. खरं किचकट काम बैठकीच्या तोंडाच्या कडेचं! पातळ पट्ट्या वळवून एकावर एक चिकटवायच्या, आणि क्लॅम्प कितीही जमवले तरी कमीच पडतात.